सिगारेट सुटल्यावर उमेद ओसरते तेव्हा

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुमचे वय 41 आहे, पिंपरी-चिंचवडजवळच्या एका कारखान्यात तुम्ही सुपरवायझर आहात, अठरा वर्षे दिवसाला बारा-पंधरा सिगारेटी ओढत होतात आणि दहा आठवड्यांपूर्वी, कोणतेही औषध न घेता, एका दिवसात त्या बंद केल्या. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, परंतु तेव्हा मनात जिद्द होती आणि घरचेही रोज विचारपूस करीत होते. आता शरीराची तगमग थांबली आहे, मात्र जिद्दही ओसरली आहे. कामाचा ताण आला की डोके शांत होत नाही, वजन चार किलोंनी वाढले आहे, सिगारेट ओढत असल्याची स्वप्ने पडतात, वडील घरातच बिडी ओढतात, आणि गेल्या शनिवारी मित्रांच्या बैठकीत तुम्ही दोन झुरके घेतलेत. सगळे मुसळ केरात गेले का, आणि यापुढे मन खंबीर ठेवायचे कसे, असे तुम्ही विचारता.

काहीही केरात गेलेले नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. तंबाखूमुक्तीच्या उपचारात पाय घसरणे आणि व्यसन पुन्हा जडणे या दोन वेगळ्या घटना मानल्या जातात, आणि पहिलीतून दुसरी घडते की नाही हे बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन दिवसांत मनात काय चालते यावर ठरते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसन उलटण्याच्या प्रक्रियेचा जो अभ्यास केला, त्यात त्यांनी याच क्षणावर बोट ठेवले होते. नियम एकदा मोडला की माणूस त्या घटनेचा अर्थ ‘माझ्यात दमच नाही’ असा लावतो, त्याने खचतो, आणि खचलेल्या मनाला सवयीचा तोच दिलासा आठवतो. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये हा क्रम मी सतत पाहतो : शनिवारी दोन झुरके, रविवारी ‘आता मोडलेच आहे तर एक घेऊ’, सोमवारी कामावर जाताना पाकीट. तुमच्या बाबतीत तो क्रम शनिवारीच थांबला आहे, आणि याला मी मोठे यश मानतो.

तरीही त्या दोन झुरक्यांना किरकोळ समजू नका. ओढलेल्या धुरातील निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, आणि जुनी ओळख पुन्हा जागी व्हायला तेवढे पुरते. म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे तलफ थोडी डोके वर काढेल असे धरून चाला. शनिवारी नेमके काय झाले ते एका कागदावर लिहा. किती वाजले होते, किती प्यायला होतात, सिगारेट कोणी पुढे केली, त्याआधीच्या तासाभरात मनाची स्थिती काय होती, हे सगळे त्यात यावे. स्वतःला दोष देण्यासाठी हे लिहायचे नाही. पुढची वेळ साधारण अशीच येणार आहे आणि ती येताना ओळखता यावी, एवढाच त्याचा उपयोग. शिवाय घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला हे सांगून टाका, कारण लपवलेली पहिली सिगारेट दुसरीची वाट मोकळी करते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मन खंबीर कसे ठेवावे असे विचारताना तुम्ही हे गृहीत धरले आहे की सिगारेट सोडलेला माणूस जिद्दीवर टिकतो आणि जिद्द संपली की पडतो. माझा अनुभव तसा नाही. जिद्द लागते ती सिगारेट सोडण्याच्या दिवसासाठी आणि पहिल्या काही आठवड्यांसाठी. त्यानंतर ती ओसरणे स्वाभाविकच आहे, कारण कोणताही निर्धार महिनोन्महिने त्याच ताणाने धरून ठेवता येत नाही. जे लोक वर्षानुवर्षे सिगारेटविना राहतात, ते रोज सकाळी उठून निर्धार करीत नाहीत. त्यांनी आपल्या दिवसाची मांडणीच अशी बदललेली असते की निर्धाराची गरज क्वचित पडते. तेव्हा उमेद ओसरल्याची भीती बाळगू नका. यापुढे तुम्हाला जिद्दीपेक्षा तजवीज जास्त लागणार आहे, आणि ती कशी करायची हे सांगण्यासाठीच हे उत्तर थोडे लांबवतो आहे.

शरीराच्या बाजूने तुम्ही कुठवर आला आहात हे समजले तर बरीच धाकधूक कमी होईल. निकोटीन न मिळाल्याचा त्रास, म्हणजे चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणे, झोप मोडणे, हा पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतो; भूक मात्र त्यापुढेही काही आठवडे वाढलेली राहते. नियमित धूम्रपानामुळे मेंदूत निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची संख्या वाढलेली असते. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत असे आढळले आहे की सोडल्यानंतर सुमारे सहा ते बारा आठवड्यांत ही संख्या धूम्रपान न करणाऱ्यांइतकी होते. तुमचा दहावा आठवडा चालू आहे, म्हणजे या दुरुस्तीचा मोठा भाग पार पडला आहे. आता जी तलफ येते ती प्रसंगाला बांधलेली असते : जेवण झाले, फोनवर वाद झाला, पावसात कुठे आडोशाला उभे राहिलो, की हात आपोआप खिशाकडे जातो. सुरुवातीची तलफ दिवसभर रेंगाळत होती. ही एकदम उसळते आणि काही मिनिटांत उतरते. ती उतरेपर्यंत जागा सोडून झपझप चालणे हा सर्वांत साधा आणि अभ्यासांतही उतरलेला उपाय आहे, आणि त्याला पाच-दहा मिनिटे पुरतात.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी फार थोड्यांना माहीत असते. तंबाखूच्या धुरातील काही घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) जास्त जोमाने काम करते आणि चहा-कॉफीतील कॅफीन शरीरातून लवकर बाहेर पडते. धूर बंद झाला की आठवडाभरात ते विकर मूळ गतीवर येते, आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तातील कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकते. सिगारेटची जागा चहाने भरून काढणाऱ्यांना छातीत धडधड, हातांना कंप, रात्री डोळ्याला डोळा न लागणे असा त्रास होतो आणि ते तो सगळा सिगारेट सोडल्याच्या खात्यावर मांडतात. तुमची अस्वस्थता अजून टिकून असेल तर दिवसाचे चहाचे कप मोजा, निम्मे करा, आणि दुपारी चारनंतर घेऊ नका. हेच विकर काही औषधांवरही काम करते. दम्यावरचे थिओफिलिन किंवा मानसिक आजारांवरचे ओलान्झापिन अथवा क्लोझापिन चालू असणाऱ्यांनी धूम्रपान सोडल्याचे आपल्या डॉक्टरांना अवश्य कळवावे, कारण मात्रा कमी करावी लागू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी काही आठवडे रक्तातील साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

माझ्या मते दोन-तीन महिन्यांनंतर सिगारेटपेक्षा सिगारेटभोवतीचे जगणे माणसाला अधिक ओढते, आणि उपचारात याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशात सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे कारखान्यातला ओढणारा माणूस गेटबाहेरच्या टपरीवर जातो. तिथे काय घडते ते आठवून पाहा. सकाळी अकराच्या सुमारास तिघे-चौघे बाहेर पडतात, कटिंग येते, एकाच्या लाइटरवर दुसऱ्याची सिगारेट पेटते, आणि पुढच्या सात-आठ मिनिटांत कोणाची बदली होणार, ओव्हरटाइमचे काय झाले, कोणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, हे सगळे बोलून होते. साहेब आणि कामगार यांच्यातले एरवीचे अंतरही तिथे तेवढ्यापुरते मिटते. सिगारेट सोडणारा माणूस दिवसातले हे चार-पाच विसावे, तिथली माणसे आणि तिथल्या बातम्या एकदम गमावतो. बरेच जण टपरी टाळायची म्हणून दिवसभर जागेवरून उठतच नाहीत, आणि दोन महिन्यांनी त्यांना सगळे बेचव वाटू लागते. निकोटीन नसल्यामुळे असे होते अशी त्यांची समजूत असते. खरे तर त्यात विसावा आणि सोबत तुटल्याचा वाटा मोठा असतो.

म्हणून विसावा सोडू नका. पूर्वी ज्या वेळी उठत होतात त्याच वेळी उठा, तेवढाच वेळ घ्या, परंतु दुसऱ्या दिशेला जा आणि कोणाला तरी बरोबर घ्या. न ओढणारी माणसे प्रत्येक कारखान्यात असतात. इतकी वर्षे त्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग आला नाही, इतकेच. टपरीवरच्या जुन्या मित्रांना तोडण्याचीही मुळीच गरज नाही. त्यांच्याशी डबा खाताना बोला, कंपनीच्या बसमध्ये बोला. टपरी मात्र निदान आणखी तीन महिने टाळा, कारण महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकण्यावर बंदी असली तरी बऱ्याच टपऱ्यांवर त्या मिळतात. पाकीट विकत घेताना माणूस क्षणभर तरी थबकतो. सुट्या सिगारेटीच्या बाबतीत तेवढाही विचार होत नाही. चहाचे पैसे देता देता ती हातात येते.

ताणाविषयी तुम्ही लिहिले आहे, तो अनुभव खोटा नाही, परंतु त्याचा अर्थ वेगळा आहे. रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. त्यामुळे दिवसाला बारा-पंधरा ओढणारा माणूस दर तास-दीड तासाने अस्वस्थ होतो, पुढची सिगारेट ती अस्वस्थता घालवते, आणि त्याला वाटते की तिने कामाचा ताण घालवला. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2014 साली 26 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. त्यात धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. कारखान्यात मशीन बंद पडणार, माल वेळेत जाणार नाही, वरिष्ठ बोलणार, हे ताण खरे आहेत आणि ते राहणारच. अशा वेळी सिगारेटच्या निमित्ताने तुम्हाला तीन उपयोगी गोष्टी मिळत होत्या : भांडणाच्या जागेवरून दूर जाणे, सात-आठ मिनिटांचा अवधी आणि लांब खोल श्वास. या तिन्ही गोष्टी धुराशिवायही मिळतात. शिफ्टमध्ये वाद झाला तर ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून बाहेर पडा, शेडला एक फेरी मारा, सावकाश दीर्घ श्वास घ्या, आणि उत्तर परत आल्यावर द्या.

साधारण तिसऱ्या महिन्यात आणखी एक विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो : आता माझा ताबा आहे, तेव्हा एखादी, तीही फक्त बैठकीत, घेतली तर काय बिघडले. याचे उत्तर मी दोन बाजूंनी देतो. हृदयाच्या दृष्टीने थोडी सिगारेट म्हणजे थोडा धोका, हा हिशेब चुकीचा आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यांचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्यांच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा आढळला, म्हणजे विसावा हिस्सा ओढूनही धोका निम्माच घटला. दुसरी बाजू मनाची आहे. अठरा वर्षे रोज डझनभर ओढलेला माणूस ‘फक्त शनिवारी’ असे ठरवतो तेव्हा तो बुधवारपासून शनिवारची वाट पाहू लागतो, मग शुक्रवारीही बैठक निघते, आणि पाहता पाहता आकडा पूर्वीच्या जागी जातो. पूर्ण बंदी पाळणे त्या मानाने सोपे जाते, कारण तिथे दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही.

शनिवारच्या बैठकीबद्दल स्पष्टच सांगतो. दारूने तलफ वाढते आणि त्याच वेळी नकार देण्याची ताकद ढिली पडते. त्यामुळे सिगारेट सोडलेल्यांपैकी पुष्कळ जण घसरतात ते अशाच बैठकांत. पुढचे तीन महिने दारू पूर्ण टाळता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तर जिथे कोणी ओढत नाही अशाच ठिकाणी, अशाच लोकांबरोबर बसा. लग्नकार्यामुळे किंवा मैत्रीखातर जावेच लागले तर घरून निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून जा : बरोबरच्या कोणत्या मित्राला विश्वासात घ्यायचे, कोणी सिगारेट पुढे केली तर काय म्हणायचे, आणि किती वाजता उठायचे. उत्तर छोटे असू द्या. ‘नको, मी ओढत नाही’ एवढे म्हणून दुसरा विषय काढा; सोडतोय, बघू, प्रयत्न चालू आहे, असे काही बोललात की आग्रहाला जागा मिळते. मंडळी ओढायला गॅलरीत गेली तर त्यांच्या मागे जाऊ नका, बोलणे कितीही रंगलेले असो.

वजनाबाबत घाबरण्याचे कारण नाही. निकोटीन भूक दाबते आणि शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढवते, म्हणून ते बंद झाल्यावर वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते, आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या तीन महिन्यांतच वाढतो. तुमचे चार किलो त्या मर्यादेतच आहेत. एवढ्या वजनाने हृदयाला होणारा अपाय सिगारेट सोडल्याच्या लाभापुढे फार लहान आहे. कडक डाएट आता सुरू करू नका, कारण उपाशी माणसाला तलफ जास्त छळते. तोंडात टाकायला फरसाणाऐवजी भाजलेले चणे, बडीशेप, काकडी, गाजर ठेवा आणि रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास चाला. स्वप्नांविषयी तर इतकेच सांगेन की ती धूम्रपान सोडलेल्या पुष्कळांना पडतात. जाग आल्यावर ‘अरे, मी ओढली’ म्हणून जी खंत वाटते, ती तुमचे मन आता कोणत्या बाजूला आहे हेच दाखवते.

वडिलांच्या बिडीचा प्रश्न नाजूक आहे. वडीलधाऱ्या माणसाला मुलाने उपदेश केलेला आपल्याकडे रुचत नाही, आणि रुचला तरी त्याने बिडी सुटत नाही. त्यांच्याकडे मदत मागा : ‘बाबा, मला अजून जड जाते आहे. तुम्ही बिडी बाहेर ओटीवर किंवा गॅलरीत ओढाल का, आणि बंडल-काडेपेटी माझ्या नजरेस पडणार नाही अशी ठेवाल का?’ अशी विनंती बहुतेक वडील ऐकतात. घरातल्या मुलांनाही त्याचा लाभ होतो. बिडी पानात वळलेली असते, तीत तंबाखू थोडा असतो, म्हणून ती सौम्य, अशी समजूत गावोगावी आहे आणि ती चुकीची आहे. भारतात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे दहा वर्षांनी कमी होते. बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे नुकसान आठ वर्षांचे आढळले. वडिलांना हे आकडे आज सांगू नका. तुम्ही सहा महिने टिकलात तर ते आपण होऊन विचारतील, असे अनेक घरांत घडलेले मी पाहिले आहे.

मग उमेदीला काहीच स्थान नाही का? आहे, मात्र दूरच्या मोठ्या कारणांवर ती फार काळ तगत नाही. कर्करोगाची भीती सिगारेट सोडायला लावते, पण तिसऱ्या महिन्यात, समोर चहा आलेला असताना, ती आठवतही नाही. तरीसुद्धा दूरचे कारण एकदा आकड्यांत नीट समजून घ्या. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास 1951 साली सुरू केला आणि तो पन्नास वर्षे चालला. 2004 साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आयुष्यभर ओढत राहिलेले लोक न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे कमी जगले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यांतली सुमारे तीन वर्षे वाचवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, आणि चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ. तुमचे वय या शेवटच्या गटाला लागून आहे.

रोजच्या टिकण्यासाठी मात्र जवळची, डोळ्यांना दिसणारी कारणे लागतात. दहाव्या आठवड्यात कोणी विचारपूस करीत नाही, कारण घरच्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला असतो. म्हणून एका माणसाला हे काम सोपवा की दर रविवारी त्याने तुम्हाला ‘आठवडा कसा गेला’ एवढे विचारावे, आणि हे निदान सहा महिने चालावे. मुलगा किंवा मुलगी कळत्या वयाची असेल तर हे काम ती फार निष्ठेने करते. दुसरे, पैसा डोळ्यांसमोर ठेवा. दिवसाला बारा सिगारेटी आणि एकीचे पंधरा रुपये धरले तरी महिन्याला 5,400 रुपये होतात. ते पगारात विरून गेले तर जाणवत नाहीत, बँकेत त्यांचे आवर्ती खाते उघडले तर दर महिन्याला दिसतात. तिसरे, आजच एक पान लिहा : ओढत होतात त्या शेवटच्या महिन्यातले दिवस कसे होते, सकाळचा खोकला, जिना चढताना लागणारा दम, मुलाला जवळ घेण्याआधी तोंड धुणे, रात्री अकरा वाजता पाकीट संपले म्हणून बाहेर पडणे. काळ जातो तशी स्मृती फक्त जेवणानंतरचा तो पहिला झुरका जपून ठेवते आणि बाकीचे सगळे टाकून देते. हे पान मोबाइलमध्ये ठेवा आणि मोह झाला की वाचा.

जवळच्या तंबाखूमुक्ती केंद्रात जाऊन श्वासातील कार्बन मोनॉक्साइडही मोजून घ्या. त्यासाठी हातात मावेल एवढे यंत्र असते. श्वास पंधरा सेकंद रोखायचा, मग नळीत सावकाश सोडायचा, आणि पडद्यावर आकडा चढत जाऊन एका जागी थांबतो. रोज भरपूर ओढणाऱ्याचा आकडा अनेकदा वीसच्या पुढे असतो; सोडून दोन दिवस झाले की तो न ओढणाऱ्याच्या पातळीवर, म्हणजे साधारण सहाच्या खाली येतो. रुग्ण त्या आकड्याचा फोटो काढून घरी नेतात आणि बायकामुलांना दाखवतात. माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा त्या एका आकड्याचा परिणाम जास्त टिकतो.

सिगारेट सुटली म्हणून दुसरे काही धरू नका, हे आपल्या भागात विशेष सांगावे लागते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर तंबाखू खाणारे किंवा मशेरी लावणारे 24.4 टक्के. म्हणजे सिगारेट सोडलेल्या माणसाच्या आसपास चुना-तंबाखूची डबी घेऊन बसलेला कोणी ना कोणी असतोच, आणि ‘निदान धूर तरी नाही’ म्हणत चिमूट पुढे येते. त्या चिमटीत निकोटीन भरपूर असते, म्हणजे व्यसन तसेच राहते आणि धोका तोंडाच्या कर्करोगाकडे सरकतो. खर्रा, मावा आणि हुक्का यांनाही हेच लागू आहे. ई-सिगारेटवर देशात 2019 पासून बंदी आहे, तेव्हा तो मार्ग विचारातही घेऊ नका.

औषध न घेता तुम्ही दहा आठवडे काढलेत, तरी औषधाची वेळ टळून गेलेली नाही. पुढच्या काही आठवड्यांतल्या अवघड प्रसंगांसाठी 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम खिशात ठेवता येईल. तो औषधांच्या दुकानात मिळतो. बहुतेक लोक तो साध्या च्युइंग गमसारखा भराभर चघळतात, मग उचकी लागते, मळमळते, आणि ते तो सोडून देतात. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये मिनिटभर दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावायचा, असे अर्धा तास चालते. चहा, कॉफी किंवा शीतपेय घेतल्यानंतर पंधरा मिनिटे तो तोंडात टाकू नये, कारण अशा पेयांनंतर निकोटीन नीट शोषले जात नाही. तलफ पूर्वीच्या जोराने परतली तर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन ही औषधे आहेत, परंतु ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असतात. फिट्स येत असतील तर ब्युप्रोपिऑन चालत नाही, आणि हृदयविकार असेल तर गम घेण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तिथे समुपदेशक मिळतात आणि पुढे ठरावीक दिवसांनी ते आपण होऊन फोन करतात, जे तुमच्यासारख्या दहाव्या आठवड्यातल्या माणसाला फार उपयोगी पडते. अनेक जिल्हा रुग्णालयांत आणि दंत महाविद्यालयांतही तंबाखूमुक्ती केंद्रे आहेत.

सोडल्यानंतर काही आठवडे खोकला वाढणे आणि कफ सुटणे अपेक्षित असते, कारण श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागलेले असतात. तुम्ही आता त्या टप्प्याच्या पुढे आला आहात. यापुढे दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला, थुंकीत रक्त, घोगरा राहिलेला आवाज, तोंडातला न भरणारा व्रण, किंवा खाणे नीट असूनही घटणारे वजन, यांपैकी काहीही दिसले तर ते सिगारेट सोडल्याचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. तसेच दोन आठवडे सलग मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, आणि अलीकडे सिगारेट सोडली आहे हे त्यांना आवर्जून सांगा.